अडीच लाख किमी पळालेला पेट्रोल पिकअप: प्लग अडकलाय, जोर लावू का?

जुनी_गाडी_नवा_मालक:
आठ सिलिंडरचा पेट्रोल पिकअप ट्रक आहे, अडीच लाख किमी पार झालेत. (डिझेलला स्पार्क प्लग नसतात हे मला माहीत आहे, कृपया तो प्रतिसाद नको.) चढावर मिसिंग करतो, स्कॅनरवर पी०३०३ कोड आला, म्हणजे तीन नंबरचं सिलिंडर मिसिंग करतंय. आधीच्या मालकाने प्लग कधी बदलले याची नोंद नाही, बहुतेक कंपनीचेच असावेत. आज खोलायला घेतले तर पहिलाच प्लग पाव फेरा फिरला आणि करकरत अडकला. रॅचेटला पाइप लावून जोर मारू का? आणि फक्त तीन नंबरचा बदलला तर भागेल का?

तेलकट_हात:
पाइप आधी बाजूला ठेवा, मग पुढचं वाचा.

प्लग पोलादाचा, तो ज्यात बसतो ते इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं. इतकी वर्षं एका जागी बसला की खालच्या आट्यांवर कार्बन चढतो, आणि बाहेर येताना तोच हेडच्या आट्यांत घुसतो. जोर लावलात तर प्लग निघेल हो, पण हेडचे आटे सोबत घेऊन. मग हेलिकॉइल, म्हणजे तारेचे नवे आटे, बसवत बसा.

म्हणून जिथे अडकलाय तिथून उलटा आत फिरवा. हवेने भोक नीट फुंकून घ्या, नाहीतर वरची वाळू थेट सिलिंडरमध्ये जाईल. गंज सोडवायच्या तेलाचे दोन-चार थेंब टाका, जास्त नको, आणि रात्रभर गाडीला हात लावू नका. सकाळी थंड इंजिनवर थोडा बाहेर, थोडा आत, पुन्हा थोडा बाहेर. कान सॉकेटकडे ठेवा. कोरडी करकर आली की मागे फिरा. हळूहळू आवाज मऊ होतो आणि हाताला कळतं की सुटला.

आठही बदला. एकाचं वय झालंय तर बाकीच्यांचंही झालंच आहे. पण त्याआधी एक फुकटची तपासणी: तीनची कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देते ती) पाचवर लावा आणि पाचची तीनवर. कोड पी०३०५ झाला तर दोष कॉइलचा, प्लगचा नाही. लोक हे न करता आठ कॉइल विकत आणतात, मला त्याचं भयंकर आश्चर्य वाटतं.

घाटरस्ता:
इंजिन गरम असताना लवकर निघतात असा माझा अनुभव. आणि नवीन बसवताना आट्यांना अँटीसीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणूनचं मलम) लावा, पुढच्या वेळी त्रास नाही.

तेलकट_हात:
दोन्हीला माझा विरोध. गरम हेडमध्ये आटे लवकर ओरबाडले जातात, हात भाजतो ते वेगळंच. मॅन्युअलमध्ये स्पष्ट गरम लिहिलं असेल तरच गरम. अँटीसीझचं म्हणाल तर हल्लीच्या बहुतेक प्लगच्या आट्यांवर मुलामा असतोच. वर ते फासलं की आटे निसरडे होतात, टॉर्क रेंच (किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना) बरोबर आकडा दाखवतो पण प्लग प्रत्यक्षात जास्त आवळला जातो.

नवीन प्लग रॅचेटने सुरू करू नका. त्याच्या टोकावर रबरी नळीचा तुकडा चढवा आणि बोटांनी फिरवा. आटा वाकडा धरला तर नळी घसरते, हेड वाचतं. टॉर्क रेंच नसेल तर, वॉशरचा नवा प्लग हाताने टेकल्यावर अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा. निमुळत्या सीटचा, म्हणजे बिनवॉशरचा असेल तर जेमतेम एक-सोळांश. इरिडियम टोकाच्या प्लगचा गॅप, म्हणजे ठिणगी पडते ती फट, नाण्यासारख्या गेजने वाढवायला जाऊ नका, मधलं बारीक टोक तुटतं.

जुनी_गाडी_नवा_मालक:
निघाले! आटे शाबूत. कॉइलची अदलाबदल करून पाहिली होती, कोड तीनवरच राहिला. तीनच्या प्लगची टोकं झिजून गॅप चांगलाच वाढलाय. बाकीचे फिकट तपकिरी, पण तीनची वरची पांढरी चिनी माती तेलाने माखलेली आहे. पिस्टनच्या रिंगा गेल्या का?

तेलकट_हात:
टोकाशी, म्हणजे ज्वलनाच्या बाजूला तेल असतं तर रिंगांची किंवा व्हॉल्व्ह सीलची शंका घेतली असती. वरच्या बाजूचं तेल व्हॉल्व्ह कव्हरच्या गॅस्केटमधून किंवा प्लगच्या नळीच्या सीलमधून झिरपतं. आधी गॅस्केट बदला, भोक पुसून कोरडं करा, मगच नवा प्लग. कॉइलचं रबरी बूटही दाबून बघा. तेल पिऊन फुगलं आणि लिबलिबीत झालं असेल तर तेवढं एक नवीन घ्या, नाहीतर ठिणगी रबरातूनच बाहेर पळेल आणि तुम्ही पुन्हा पी०३०३ घेऊन इथे याल.