मदत हवी आहे: श्रीलंकेतून शांतिसेना परत बोलावणं, प्रतिकूल बाजूचे मुद्दे

आंतरमहाविद्यालयीन वादविवादाचा ठराव आहे: 'श्रीलंकेतून भारतीय शांतिसेना परत बोलावण्याचा निर्णय योग्य होता.' आमच्या संघाकडे प्रतिकूल बाजू आली आहे. दोन वक्ते, प्रत्येकी सहा मिनिटं, वर प्रश्नोत्तरं. 'एवढे जवान गेले, मग अर्ध्यावर सोडून कसं यायचं' याच्यापुढे मुलांची गाडी सरकत नाहीये. भारत-श्रीलंका करारात नेमकं काय होतं? भक्कम मुद्दा कोणता धरावा?

प्रतिसाद १
तो मुद्दा आधी काढून टाका. सुमारे १,२०० जवान धारातीर्थी पडले, पण हाच आकडा समोरचे 'आणखी किती?' असं विचारून तुमच्यावरच उलटवतील.

सुरुवात कराराच्या मजकुरापासून करा. २९ जुलै १९८७ ला कोलंबोत राजीव गांधी आणि लंकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी सह्या केल्या. परिशिष्टात म्हटलंय की गरज वाटल्यास लंकेचे राष्ट्राध्यक्ष भारतीय शांतिसेनेला बोलावू शकतात. म्हणजे आमंत्रण त्यांचं. १ जून १९८९ ला त्यांच्यानंतरचे राष्ट्राध्यक्ष प्रेमदासांनी जुलैअखेर निघा म्हणून जाहीर केलं, आणि तुमची बाजू नेमकी इथे लंगडी पडते. 'यजमानच जा म्हणतोय, मग कुठल्या हक्कानं थांबायचं?' हा प्रश्न येणारच. उत्तरात 'हक्क' हा शब्दच नको. राजीव गांधींनी धरलेली भूमिका मांडा: करारात तमिळांना दिलेली हमीही आहे, म्हणून माघारीचं वेळापत्रक आणि उत्तर-पूर्व प्रांताला अधिकार देणं या दोन्हींची सांगड हवी.

प्रतिसाद २
सहमत. पुढचा सगळा जोर त्या सांगडीवर द्या. १८ सप्टेंबर १९८९ ला दोन्ही सरकारांत समझोता झाला, २० तारखेपासून शांतिसेनेची आक्रमक कारवाई थांबली. डिसेंबरात दिल्लीत विश्वनाथ प्रताप सिंहांचं सरकार आलं आणि २४ मार्च १९९० ला शेवटची तुकडी त्रिंकोमालीहून निघाली. या सहा महिन्यांत मागे काय उरलं ते दाखवा. वरदराज पेरुमल यांचं प्रांतिक सरकार आणि त्याच्या रक्षणासाठी भारताच्या मदतीनं उभी केलेली तमिळ नॅशनल आर्मी. त्यातली कितीतरी पोरं घरातून ओढून आणलेली, प्रशिक्षण तोकडं. फौज हलली तसतसं लिट्टेनं (वेगळ्या तमिळ राष्ट्रासाठी लढणारी सशस्त्र संघटना) त्यांना मोडून काढलं, आणि त्यांना दिलेली भारतीय शस्त्रं लिट्टेच्या हाती गेली. जून १९९० ला लिट्टे आणि लंकेचं सैन्य यांच्यात पुन्हा युद्ध पेटलं.

राजीव गांधींची हत्या माघारीचा परिणाम म्हणून मांडू नका. ती फौज पाठवण्याशी जोडली जाते, त्यामुळे मुद्दा थेट समोरच्यांच्या पदरात पडेल.

प्रतिसाद ३
जाफना विद्यापीठावरच्या शांतिसेनेच्या फसलेल्या छाप्याची तयारी ठेवा, समोरचे ते काढतील. ११-१२ ऑक्टोबर १९८७ च्या रात्री १३ शीख लाइट इन्फन्ट्रीचे ३० जवान हेलिकॉप्टरनं उतरले. खालून एवढा मारा झाला की पुढची कुमक उतरूच शकली नाही. २९ जण गेले. शांतता राखायला गेलेली फौज अडीच महिन्यांत युद्धात ओढली गेली, हे निमूटपणे मान्य करा आणि पुन्हा १९८९ वर या. ८ महारच्या मेजर परमेश्वरन यांचं परमवीर चक्र टाळ्यांसाठी वापरू नका, ही विनंती.

धागाकर्ता
खूप आभार. पण 'माघार चालेल, अटी हव्या होत्या' म्हटलं की ठराव मान्य केल्यासारखं होत नाही का?

प्रतिसाद २
ठरावात 'निर्णय' हा शब्द आहे. निर्णयात वेळही येते आणि अटीही येतात, ही व्याख्या पहिल्या वक्त्यानं पहिल्याच मिनिटाला बांधून घ्यावी. दुसऱ्या वक्त्यानं ती काढली तर संघानं पवित्रा बदलला असं धरून परीक्षक गुण कापतात.