हेडफोनवर स्पीकर आणि खोलीचा आभास: मिक्सला उपयोग होतो की कानांची फसवणूक?

हलगीट्रॅक (अशोक चौक)
माझं मत आधीच सांगतो, मग काय ते झोडा. सोलापुरात घरच्या खोलीत मिक्स करणाऱ्यानं, म्हणजे गाण्यातल्या सगळ्या आवाजांचा तोल जुळवणाऱ्यानं, मॉनिटर (स्टुडिओतले) स्पीकरची जोडी घेण्याआधी चांगला हेडफोन आणि त्यावर स्पीकर-खोलीचा आभास देणारा प्लगिन (मिक्सच्या सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्राम) घ्यावा. हा प्लगिन मास्टरवर, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र येतात तिथं, सगळ्यात शेवटी बसतो. डाव्या चॅनेलचा थोडा आवाज उजव्या कानाला किंचित उशिरा आणि मंद करून देतो, उजव्याचा डाव्याला, आणि त्यात भिंतींवरून परतलेला आवाज मिसळतो. बाऊन्स करताना, म्हणजे गाण्याची शेवटची फाइल काढताना, तेवढा बंद करायचा.

कारण आमच्या खोल्या. माझी दहा बाय बारा. दहा फुटांवर समोरासमोर भिंती असल्या की साधारण ५६ हर्ट्झ घुमतो, आणि किक (ड्रमचा मोठा ढोल) नेमका तिथंच असतो. भिंतीजवळ बेस धो धो, मधोमध बसलं तर गायब. ५६ हर्ट्झची लहर सहा मीटर लांब, तिला दोन इंचाचा फोम काय अडवणार? फोमनं वरचा चकचकाट तेवढा मरतो. शिवाय शेजारी लूमचा खडखडाट.

जुनासाउंडवाला
मालक, त्या प्लगिनमध्ये डोकं कुणाचं आहे? कानाच्या पाळीचा आकार, डोक्याची रुंदी प्रत्येकाची वेगळी. त्यावरूनच आवाज समोरून आला की मागून ते आपल्याला कळतं. दुसऱ्याच्या कानांची मोजणी माझ्या कानांवर चढवली तर समोरचा गायक कपाळात नाहीतर मानेमागे जाऊन बसतो. वर त्या मोजणीचे चढउतार आवाजात उतरतात ते वेगळेच. मी ते ऐकून ईक्यू (जाड-बारीक सूर कमीजास्त) करणार, म्हणजे गाण्याचा नाही, त्या परक्या कानांचा ईक्यू करणार.

आणि गाणं वाजणार कुठं? गणपतीत लेझीमच्या ताफ्यापुढं, बहुतेक मोनोत, डावं-उजवं एकच करून. लंडनच्या स्टुडिओतल्या कंट्रोल रूमचा आभास घेऊन काय करू?

फेडरखाली
डोक्याचा मुद्दा बरोबर आहे, पण साध्या हेडफोनमध्येही एक खोट आहे, ती कुणी बोलत नाही. मधोमध ठेवलेला गायक घ्या. स्पीकरवर प्रत्येक कानाला तो दोनदा पोचतो: जवळच्या स्पीकरकडून, आणि साधारण पाव मिलिसेकंद उशिरा लांबच्याकडून. दोन्ही मिळून २ किलोहर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो, म्हणजे तेवढा आवाज दबतो. शब्द कळतात ते याच भागात. हेडफोनवर खड्डा नाही, म्हणून गायक पुढं वाटतो, आपण फेडर (आवाज कमीजास्त करायची सरकपट्टी) खाली ओढतो, आणि बाहेर वाजवलं की लोक विचारतात, काय म्हणतोय हा? डावी-उजवीकडं फेकलेल्या वाद्यांना हा खड्डा लागू नाही, त्यामुळे तोलच वेगळा दिसतो.

जुनासाउंडवाला
खऱ्या खोलीत भिंतींवरून येणारा आवाज तो खड्डा बराचसा भरून काढतो. तेही सांगा की.

फेडरखाली
होय की. म्हणून तर नुसता क्रॉसफीड, म्हणजे एका बाजूचा थोडा आवाज दुसऱ्या कानाला देणं, पुरत नाही, खोलीही लागते. खोलीशिवाय दिलात तर खड्डा उघडा पडतो.

विजापूररोड_बेस
एवढे पैसे कशाला? क्रॉसफीड काल आलेला नाही, बेंजामिन बाउअर यांनी १९६१ मध्येच त्याचं सर्किट मांडलं होतं. तेच तत्त्व आज फुकट प्लगिनमध्ये मिळतं. टोकाला फेकलेली हलगी कानात टोचायची थांबते, मला तेवढं बास.

जुनासाउंडवाला
यामाहाचा एनएस-१० आठवतो का? १९७८ ला घरगुती स्पीकर म्हणून आला, पुढं जगभरच्या स्टुडिओत मिक्सरवर जाऊन बसला, २००१ ला बंद झाला. सपाट (सगळे सूर सारखे वाजवणारा) अजिबात नव्हता, मधला भाग उठलेला, खाली बेस तोकडा. पण लोकांनी तो पाठ केला. तुम्हीही हेडफोन पाठ करा. रोज नवीन खोली बदलून काय पाठ होणार?

हलगीट्रॅक (अशोक चौक)
रोज खोली बदला असं मी म्हटलंच नाही. एकच धरायची, आवडती गाणी तिच्यात ऐकायची. आणि एनएस-१० नुसता पाठ करून चालला नाही. बंद पेटीचा होता, खालचा सूर वाजून लगेच थांबायचा. किक कुठं संपतो आणि बेस गिटार कुठं सुरू होते ते त्यात कळायचं.

जुनासाउंडवाला
बघा, तुम्हीच बोललात! हेडफोनमध्ये खोली नाही, म्हणून सूर लगेच थांबतो. मग आभासी खोली लावून तीच घूम परत का आणता?

हलगीट्रॅक (अशोक चौक)
हा खरा प्रश्न आहे. चांगल्या प्लगिनमध्ये मोजलेली खोली घूम शोषायचा उपचार केलेली असते, घूम माझ्या दहा बाय बाराच्या मानानं नगण्य. पण रिव्हर्ब (गाण्यावर घालायची घुमारी) किती घालायचा ते ठरवताना मी प्लगिन बंदच ठेवतो, नाहीतर खोलीचा रिव्हर्ब गाण्याचा समजून हात आखडतो. किक-बेसची टक्करही बंद ठेवूनच बघतो. डावं-उजवं पसरवणं आणि गायकाची लेव्हल मात्र चालू ठेवून.

लूमशेजारी
तुमचं चालू-बंद ठीक आहे ओ. मे महिन्यात बंद कपाचा हेडफोन दोन तास घालून दाखवा. उघड्या कपाचा घातला तर धोट्याची खटखट आत येते. यावर प्लगिन आहे का?

विजापूररोड_बेस
रात्री मिक्स करा.

लूमशेजारी
लूम रात्रपाळीलाही चालतो.

जुनासाउंडवाला
माझं म्हणणं मागं घेत नाही. रविवारी दोन मिक्स आणा, एक प्लगिन लावून केलेला, एक साध्या हेडफोनवर. माझ्या टॉपवर (कार्यक्रमाच्या मोठ्या स्पीकरवर) वाजवू. कुठला कुठला ते मला सांगायचं नाही.

हलगीट्रॅक (अशोक चौक)
चालतंय. पण लेव्हल आधी जुळवून घेऊ. जरा मोठा वाजला की तोच चांगला वाटतो.

जुनासाउंडवाला
जुळवा. आणि एकदा मोनो करूनही.