मदत हवी आहे: डीबीटीच्या डायरी कार्डावर भावनांना मराठीत काय लिहिता?

नमस्कार मंडळी,

चार महिन्यांपासून माझी डीबीटी, म्हणजे डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी, तीव्र भावना हाताळायला शिकवणारा मानसोपचार, चालू आहे. आठवड्यातून एकदा थेरपिस्ट, एकदा ऑनलाइन ग्रुप. मार्शा लिनेहान या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी ही पद्धत मुळात सतत आत्महत्येच्या विचारांशी झगडणाऱ्यांसाठी उभी केली. माझं तितकं टोकाचं नाही. मला राग आला की उतरायला दिवस लागतो आणि त्या भरात जे बोलते ते निस्तरायला आठवडा.

फायदा होतोय, हे आधी सांगते. मागे आईचा फोन आला. "तुझं नेहमीचंच," एवढंच म्हणाली. मी फोन कापला आणि पोळ्यांचा डबा ओट्यावर असा आपटला की झाकण फ्रिजखाली गेलं. मग शिकवल्याप्रमाणे मोठ्या पातेल्यात बर्फाचं पाणी घेतलं, श्वास रोखून तोंड बुडवलं, तीसेक सेकंद, दोनदा. त्याने हृदयाचे ठोके मंदावतात. (हृदयाचा त्रास असेल तर हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका, मलाही आधी तेच विचारलं होतं.) लेक दारात उभी. "आई, आंबे शोधतेयस का?" अर्ध्या तासाने आईला परत फोन केला. एरवी चार दिवस केला नसता.

घोडं अडलंय ते डायरी कार्डावर. रोज रात्री प्रत्येक भावना ० ते ५ मध्ये मोजायची. कार्ड इंग्रजीत: अँगर, शेम, गिल्ट, सॅडनेस. मी भांडते मराठीत, रडते मराठीत, आणि मला होतं ते "कसंतरी". शेम आणि गिल्ट या दोन्ही रकान्यांत मी रोज तोच आकडा टाकते. थेरपिस्टच्या ते लक्षात आलं. अडचण अशी की पुढचं सगळं नावावर चालतं. भावना प्रसंगाला धरून नसेल तर ती जे करायला लावते त्याच्या उलट करायचं. नावच चुकलं तर उलट तरी कशाच्या करणार?

कुणी मराठीत कार्ड भरतं का? शब्द सुचवा.

प्रतिसाद १
वर्षभर केलंय. "मी वाईट वागले" असेल तर गिल्ट, "मीच वाईट" असेल तर शेम. माझ्या कार्डावर पहिल्याला चुटपुट, दुसऱ्याला शरम. "लाज" मुद्दाम टाळली, आपल्याकडे लाजरी नवरीही लाजतेच. चुटपुट खरी असेल तर तिच्या उलट जायचं नाही, माफी मागायची, भरपाई करायची. शरम मात्र लपायला लावते. कारण नसताना आली तर ज्यांच्यावर विश्वास आहे त्यांना सांगून टाकायचं.

प्रतिसाद २
सॅडनेसखाली मी हिरमुसणं आणि पोकळ वाटणं असे दोन रकाने केलेत. थेरपिस्ट अमराठी आहेत, त्यांना अर्थ एकदा लिहून दिला. आता तेच विचारतात, "आज हिरमुसणं किती?"

धागाकर्ती
चुटपुट! डब्याच्या दिवशी शेमला ४ दिले होते. आता बघते तर आईचा फोन कापल्याची चुटपुट ४, आणि शरम जेमतेम १. झाकण अजून फ्रिजखालीच आहे.