मदत हवी आहे: जुना मॅकिंटॉश आणि विंडोज ९५ यांच्यात सीयू-सीमीची जोडणी होत नाही

नमस्कार मंडळी,

आमच्या महाविद्यालयाच्या संगणक विभागात जुन्या यंत्रांचे छोटे प्रदर्शन भरणार असून त्यात सीयू-सीमी हे इंटरनेटवरून एकमेकांना चित्रात पाहण्याचे सॉफ्टवेअर प्रत्यक्ष चालवून दाखवायचे आहे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात टिम डॉर्सी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते १९९२ मध्ये प्रथम मॅकिंटॉशसाठी लिहिले, १९९४ मध्ये विंडोजची आवृत्ती आली आणि एकमेकांच्या फायलीही धड न उघडणाऱ्या या दोन यंत्रांवरची माणसे इंटरनेटवरून एकमेकांना पाहू लागली. १९९६ मध्ये आलेले मायक्रोसॉफ्टचे नेटमीटिंग हे अशाच कामाचे सॉफ्टवेअर विंडोजपुरतेच राहिले. म्हणून, मला तरी, विद्यापीठाने फुकट वाटलेल्या या सॉफ्टवेअरचे मोल अधिक वाटते.

एका बाजूला सिस्टिम ७ चालणारा मॅक असून त्याच्या सिरियल पोर्टला कनेक्टिक्सचा चेंडूसारखा क्विककॅम हा कॅमेरा जोडला आहे. (त्यात करड्या रंगाच्या १६ छटाच दिसतात, पण सीयू-सीमीलाही तेवढ्याच लागतात.) दुसऱ्या बाजूला आजच्या लॅपटॉपवर, व्हर्च्युअल मशीनमध्ये (सॉफ्टवेअरने उभारलेल्या आभासी संगणकात), विंडोज ९५ आहे. विंडोजमधून मॅकला पिंग केल्यास (म्हणजे तो जाळ्यावर पोहोचतो का हे तपासणारा छोटा संदेश पाठवल्यास) उत्तर येते. मात्र सीयू-सीमीत मॅकचा आयपी पत्ता देऊन जोडणी मागितली, तर बराच वेळ वाट पाहूनही ती होत नाही. व्हर्च्युअल मशीनचे नेटवर्क नॅट पद्धतीवर ठेवले आहे, म्हणजे तिचा पत्ता खासगी असून बाहेर जाताना तो लॅपटॉपच्या पत्त्याने बदलला जातो.

विंडोजकडे कॅमेरा नाही, हे कारण असू शकेल काय? की युनिक्सवर रिफ्लेक्टर (सर्वांची चित्रे एकमेकांकडे पोहोचवणारा मधला सर्व्हर) बसवल्याशिवाय ही यंत्रे जोडताच येत नाहीत?

प्रतिसाद:

कॅमेऱ्याचा यात संबंध नाही. कॅमेरा नसलेल्यांना नुसते पाहत बसण्याची मुभा पहिल्यापासून होती आणि अशांना तेव्हा 'लर्कर' म्हणत. रिफ्लेक्टर लागतो तो दोनांहून अधिक जणांना एकत्र आणताना; दोघांची जोडणी थेट होते.

संशय नॅटवरच घ्यावा. सीयू-सीमी यूडीपी या माहिती पाठवण्याच्या पद्धतीच्या ७६४८ क्रमांकाच्या पोर्टवर चालते आणि पाठवणाऱ्याचा पत्ता पाकिटाच्या (पाठवलेल्या माहितीच्या तुकड्याच्या) आतील स्वतःच्या मजकुरातही लिहिते. नॅट केवळ बाहेरचा पत्ता बदलते, आतला तसाच राहतो, त्यामुळे मॅकचे उत्तर व्हर्च्युअल मशीनच्या खासगी पत्त्याकडे निघते आणि पोहोचत नाही. पिंगमध्ये असा आतला पत्ता नसल्याने तो व्यवस्थित चालतो. याच अडचणीसाठी लिनक्समध्ये पूर्वी सीयू-सीमीचे स्वतंत्र मॉड्यूल द्यावे लागले होते. आपण नेटवर्क ब्रिज्ड पद्धतीवर (म्हणजे व्हर्च्युअल मशीन थेट जाळ्याला जोडून) ठेवून व्हर्च्युअल मशीनला मॅकच्याच जाळ्यातला पत्ता द्यावा.

चित्र आले तरी आवाज येईलच असे नाही. आवाजाची सोय मॅकच्या आवृत्तीत १९९४ मध्ये आणि विंडोजच्या आवृत्तीत १९९५ मध्ये आली, तेव्हा आपल्याकडील दोन्ही आवृत्त्या कोणत्या आहेत ते येथे कळवावे.