‘द आय ऑफ द वर्ल्ड’ वाचनालयासाठी ठेवावं का? अर्धे डोक्यावर घेतात, अर्धे मधातच सोडतात

ड_वर्ग_वाचनालय

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावच्या वाचनालयासाठी विचारून राहिलो. कॉलेजची पोरं इंग्रजी फँटसी मागतात म्हणून रॉबर्ट जॉर्डनच्या ‘व्हील ऑफ टाइम’ मालिकेचा पहिला भाग आणला. एकच प्रत फिरते आहे आणि वाचणाऱ्यांत सरळ दोन तट पडलेत. एक तट म्हणतो, पुढचे भाग उद्याच मागवा. दुसरा म्हणतो, नुसती पळापळ आहे, गाव सोडलं की संपतच नाही. पैसा थोडा आणि मालिका 14 भागांची, म्हणून विचारतो.

हा भाग एकटा वाचला तर पुरा वाटतो का? कंटाळा येतो तो नेमका कुठे आणि काहून? इंग्रजीची सवय कमी असलेल्याला कसा द्यावा? शेवट फोडणार असाल तर आधी तसं लिहा.

---

कापूसकोंड्या

पुरा वाटतो. पुढच्या भागांत धागे इतके सुटतात की कुठेच थांबता येत नाही, पण 1990 सालचा हा पहिला भाग एकाच पाठलागाची गोष्ट आहे. पोरं गावातून निघतात, ठिकाणावर पोहोचतात, लढाई होते. तिथे पुस्तक मिटलं तरी फसवल्यासारखं वाटत नाही.

नाराजी कुठून येते ते प्रकरणांच्या मांडणीत दिसते. एकूण 53 प्रकरणं. पहिली 20 जवळपास सगळी रँड या नायकाच्या नजरेतून. शादार लोगोथच्या पडक्या शहरातून पळताना टोळी फुटते आणि तिचे तीन तुकडे होतात: रँड, त्याचा मित्र मॅट आणि गोष्टी सांगत फिरणारा थॉम नावेत, गावचेच पेरिन आणि एग्वेन नदीपलीकडे, मॉइरेन, तिचा रक्षक लॅन आणि गावची नायनीव्ह तिसरीकडे. ज्या एका बाईला सगळं ठाऊक आहे ती जादू जाणणारी मॉइरेन नेमकी इथे वाचकापासून दूर जाते. आता जे कळते ते अर्धवट ऐकीव माहितीतून. पाठलाग चालूच, पण तो कशासाठी हे सांगणारं कोणी नाही. सोडणारे बहुतेक इथेच सोडतात.

त्यात व्हाइटब्रिज ते कॅमलिन हा रस्ता, साधारण 31 ते 34 प्रकरणं. रँड बासरी वाजवतो, मॅट गोळे झेलून दाखवतो, त्यावर रात्रीचं जेवण आणि निजायला जागा मिळते. इथे काळ सरळ जात नाही. मधेच आधीचा प्रसंग येतो आणि हे गाव त्या गावाच्या आधीचं की नंतरचं असा घोळ होतो. हे लेखकाचंच करणं आहे, पोरांचं इंग्रजी कच्चं म्हणून नव्हे. त्यांना तसं आधीच सांगून ठेवा.

सुरुवात मात्र आपल्याकडच्या वाचकाला सांगावी लागत नाही. हिवाळा हटत नाही, पेरलेलं उगवत नाही, लांडगे मेंढ्या नेतात, आणि हवामान सांगणाऱ्या नायनीव्हचा अंदाज चुकला म्हणून गावातली मोठी माणसं तिच्यावर खार खाऊन आहेत. भेंडवळच्या घटमांडणीवरून पारावर जी हुज्जत चालते, तीच एमंड्स फील्ड या पोरांच्या गावच्या रस्त्यावर चालू आहे.

आणि 9वं प्रकरण कोणी गाळू नये. मशाली घेऊन जमाव सरायपाशी येतो, त्याच गावाला रात्रीच्या हल्ल्यातून वाचवणाऱ्या मॉइरेनला हाकलायला. ती उलट शिव्याशाप देत नाही. तुमचे पूर्वज कोण होते म्हणून मॅनेथेरेन राज्याची गोष्ट उभ्या उभ्या सांगते. राजा एमन सैन्य घेऊन परततो, मदत येत नाही, राणी एल्ड्रीन सूड उगवून मरते. गोष्ट संपते तेव्हा मशाली घेऊन आलेले एकमेकांच्या तोंडाकडे न पाहता पांगतात. वाचन गटात एकच प्रकरण मोठ्याने वाचायचं असेल तर हे वाचा.

---

वर्धाकाठ

इथून पुढे शेवट फोडला आहे.

मी दुसऱ्या तटातला. मधल्या पळापळीपेक्षा मला शेवट खटकतो.

पुस्तकाचं नाव ज्या जागेवरून आहे, तिथे जायचं ठरते 42-43व्या प्रकरणाच्या आसपास. तोवर सगळे टार व्हॅलॉन शहराच्या वाटेवर. मग 44 आणि 45 या दोन प्रकरणांत ‘वेज’ नावाच्या अंधाऱ्या वाटांनी कित्येक आठवड्यांचं अंतर दोन दिवसांत कापलं जाते, आणि सीमेवरचं फाल दारा, ब्लाइट हा सडका प्रदेश, झाडापानांचा ग्रीन मॅन, अचानक उगवलेले दोन फॉरसेकन (सैतानाचे जुने साथीदार), टार्विन्स गॅप या खिंडीतली लढाई, खलनायक बाआलझामन हे सगळं 46 ते 52 या सात प्रकरणांत. एवढ्या सावकाश चाललेल्या पुस्तकाला हा वेग शोभत नाही.

त्याहून मोठी तक्रार रँडच्या जादूच्या शक्तीची. शक्ती कशी वापरायची याचा धडा 12व्या प्रकरणात मिळतो तो एग्वेनला. पुरुषाने ती कशी वापरायची हे सांगणारं कोणीच नाही. आणि शेवटी हा पोरगा डोंगराच्या खिंडीत प्रकट होऊन अख्खी फौज उडवतो. नियम न सांगता डाव जिंकला की वाचकाला त्याचं काय?

‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वाल्या टॉल्किनची छाप आहे ती वेगळीच. काळा झगा घातलेला स्वार, शांत खेडं, सोबत निघालेला अनुभवी लढवय्या. सुरुवातीला ती छाप मुद्दाम ठेवली असं जॉर्डनने स्वतःच सांगितलं होतं. मुद्दाम ठेवली म्हणून ती कमी जाणवत नाही.

---

कापूसकोंड्या

वर्धाकाठ भाऊ, घाईचं मान्य. नियम सांगितले नाहीत हे मात्र चुकीचं. (फोड चालूच.)

21वं प्रकरण पुन्हा काढा. मॉइरेन नायनीव्हला सांगते की शिकवणी नसताना कोणी नकळत शक्तीला हात घातला, तर सुरुवातीला त्याचा परिणाम लगेच दिसत नाही. आठ-दहा दिवसांनी ताप, हुडहुडी, डोकेदुखी, नाहीतर वेड्यासारखं वागणं. दर वेळी हे अंतर कमी होत जाते. बोलणं नायनीव्हबद्दल आहे म्हणून वाचणारा पुढे सरकतो.

आता ते रँडला लावून पाहा. गावातून पळताना बेला घोडी थकू नये असं तो जिवाच्या आकांताने मागतो, आणि तीच थकत नाही. त्यानंतर बेअरलॉनमध्ये तो व्हाइटक्लोक्स या कट्टर शिपायांसमोर कारण नसताना हसत उभा राहतो. नावेवर जीव वाचतो, पुढे डोलकाठीच्या टोकावर जाऊन माकडचेष्टा. फोर किंग्जच्या सरायीत खोलीच्या भिंतीवर वीज पडते आणि लगोलग तो तापाने फणफणतो. क्रम तोच, मधलं अंतर दर वेळी कमी. सगळं पानावर आहे, फक्त बोट दाखवलेलं नाही.

जागेच्या नावाचंही तसंच. 25व्या प्रकरणात टिंकर या भटक्या लोकांच्या तळावर आयल या वाळवंटी जमातीतल्या मरणाऱ्या एकीचा निरोप सांगितला जातो, त्यात ‘आय ऑफ द वर्ल्ड’ येतो. पण तो ऐकणारे पेरिन आणि एग्वेन, आणि वाचकाचं लक्ष पेरिनशी बोलणाऱ्या लांडग्यांकडे.

---

वर्धाकाठ

बेलाचं पटलं. पण दुसऱ्यांदा वाचल्यावर सापडणारी गोष्ट पहिल्यांदा वाचणाऱ्याच्या कामाची नाही, आणि इथे प्रश्न पहिल्यांदा वाचणाऱ्याचा आहे. टार्विन्स गॅपवर मी ठाम.

---

पोळा_झाला

टीव्हीवरची मालिका (2021 पासून तीन सीझन, 2025 मध्ये बंद) पाहून येणाऱ्याला दोन गोष्टी सांगा. पुस्तकात पेरिनचं लग्न झालेलं नाही. आणि गावातल्या पोरींपैकी कोणी ‘ड्रॅगन’ (पुन्हा जन्मलेला जुना योद्धा) असेल का, हा प्रश्नच पुस्तकात नाही. मालिका पाहून आलेली पोरं पहिले शंभर पानं चुकीची गोष्ट शोधत बसतात.

---

लोणारवाली

वादात पडत नाही, वाचनालयाचं बोलते.

तुमची मुदत किती दिवसांची? 15 असेल तर अर्धं दुखणं तिथेच आहे. पुस्तक सुमारे 3 लाख शब्दांचं. इंग्रजी जरा अडखळत वाचणारा मिनिटाला 150 शब्द धरला तर 2000 मिनिटं, म्हणजे 33 तास. रोज एक तास वाचलं तर पाच आठवडे लागतात. 15 दिवसांत तो पोहोचतो 24व्या प्रकरणाच्या आसपास, म्हणजे वर सांगितलेल्या त्याच फुटलेल्या टोळीत, आणि तिथे पुस्तक जमा करतो. मग म्हणतो, कंटाळवाणं आहे. या एका पुस्तकाला 40 दिवस द्या.

देताना आत एक चिठ्ठी ठेवा. तिच्यावर आठच नावं: रँड, मॅट, पेरिन, एग्वेन, नायनीव्ह, मॉइरेन, लॅन, थॉम. खाली एवढंच लिहा की फेड, मिर्ड्राल आणि हाफमन हे तिन्ही एकच. गावागावाची माणसं त्याला वेगळ्या नावाने हाक मारतात आणि नवा वाचक तीन राक्षस समजून बसतो. ‘ड्रॅगनमाउंट’ ही प्रस्तावना कळली नाही तरी चालते. ती हजारो वर्षांपूर्वीची आहे, तिचा अर्थ मागाहून लागतो. तिथे अडून राहू नये.

मागे शब्दसूची आहे, अडलं तर तेवढी बघायची. मोबाईलवर पात्राचं नाव टाकून शोधू देऊ नका. नाव पुरं टाईप व्हायच्या आत खाली त्याचं लग्न कोणाशी, मरण कुठे, सगळं येते.

ऐकून वाचणाऱ्यासाठी मायकल क्रेमर आणि केट रीडिंग यांच्या आवाजातलं ऑडिओ साधारण 30 तासांचं आहे. 64 केबीपीएसने तासाला 29 एमबीच्या आसपास, म्हणजे सगळं मिळून एक जीबीच्या आत. तालुक्याला गेल्यावर उतरवून घ्यायचं, गावात नेटवर्कची वाट पाहायची नाही. कानात ऑडिओ आणि समोर पान, असं पहिली पाच प्रकरणं केलं की नावांचे उच्चार बसतात आणि वेग वाढतो.

प्रतीचं. छोट्या आकाराची 800 पानी प्रत घेऊ नका. पाठ नुसत्या गोंदावर असते. पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात तो कडक होऊन तडकतो आणि पानं मधातून सुटतात. बाइंडरकडे दिली तर तो कडेने टाके घालतो. सुटी पानं फर्म्यात (घडी घातलेल्या जुड्यांत) शिवता येत नाहीत, दुसरा इलाज नसतो. टाके आतला समास खातात, आणि छोट्या आकारात समास मुळात एवढासा, त्यामुळे ओळीची सुरुवात टाक्यात जाते. मोठ्या आकाराची घ्या, आणि नवी असतानाच 26व्या प्रकरणानंतर तोडून दोन खंड बांधून घ्या. एका प्रतीवर दोघं वाचतात.

---

ड_वर्ग_वाचनालय

मुदत 15च आहे. बदलतो. भाग दुसरा आताच घेऊ की थांबू?

---

लोणारवाली

40 दिवसांत किती जण पुरं करून आणतात ते पाहा. चार-पाच आले तर दुसरा आणि तिसरा एकदम घ्या, एकेक नको. सगळे 14 तर आताच नकोच.

---

वर्धाकाठ

याला दुजोरा. 2007 मध्ये जॉर्डन गेल्यावर शेवटचे तीन भाग ब्रँडन सँडरसनने पुरे केले, 2013 मध्ये मालिका संपली. म्हणजे पुढचं कधी येईल म्हणून कोणी खोळंबणार नाही, पैसे येतील तसे घेता येतात. आणि दुसऱ्या भागात रँडची शक्ती जरा हिशोबात येते, एवढं मीसुद्धा कबूल करतो.