बडोदा: १९७२ च्या फियाट डिलाइटचं कार्पेट बदलायचंय, कुठलं घेऊ?

डिलाइटवाला
नमस्कार मंडळी. आजोबांनी घेतलेली १९७२ ची फियाट ११०० डिलाइट आहे आमच्याकडे. डुक्कर फियाट नव्हे, ती ५० च्या दशकातली, दर वेळी सांगावं लागतं. आमचं घर दांडिया बाजारात, तिथे गाडी ठेवायला जागा नाही म्हणून ती समा भागात आत्याकडे उभी असायची, आणि २०२४ च्या ऑगस्टमधे विश्वामित्री नदी आली ती थेट आत्याच्या पार्किंगमधे. सीटच्या गादीपर्यंत पाणी होतं. इंजिनाचं सगळं नीट करून घेतलं, पण कार्पेट मात्र गच्चीवर चार दिवस वाळवून तेच परत टाकलं, ही माझी अक्कल. आता पाऊस सुरू झाला की आत असा वास येतो की आई बसायलाच तयार नाही.

आत्ता जे आहे ते बाबांनी नव्वदच्या सुमारास टाकलेलं मरून कार्पेट, खाली नमदा, म्हणजे दाबलेल्या तंतूंचा जाड थर. मी तीन ठिकाणी फिरलो. गाडीच्या सामानाच्या दुकानात नॉन-वोव्हनचा राखाडी रोल दाखवला, घरगुती कार्पेटवाल्याकडे नायलॉनचं लूप, म्हणजे न कापलेल्या फाशांचं कार्पेट होतं, आणि एका सीटकव्हरवाल्याने लोकरीचं काहीतरी दाखवून भाव असा सांगितला की मी पाणी पिऊन परत आलो. विचारायचं हे की घ्यावं कुठलं, खाली नमदा परत घालायचा का नाही, आणि रंगाचं काय करू? बायकोला बेज हवाय.

मकरपुरा_टॉप_गिअर
सेवन-डी मॅट टाक आणि मोकळा हो भाऊ. पुसलं की झालं.

अँबीकाका
टॉप गिअर, अरे बाबा, ते नव्या गाड्यांच्या मापाने कापलेले ट्रे असतात, फियाटच्या टनेलवर, म्हणजे मधल्या लांब उंचवट्यावर, बसणार कसे? आणि समजा बसवलेच, तरी कडेने पाणी खाली गेलं की वर यायला वाट नाही. तुझ्या गाडीत चालेल, याच्या गाडीत नको.

डिलाइटवाला, आता तुझं. तू रंग आणि धागा विचारतोयस पण मला काळजी खालच्या पत्र्याची आहे. फियाटला वेगळी चासी नाही, बॉडी हीच चासी, माझ्या अँबॅसॅडरचंही तेच. म्हणजे तू ज्यावर पाय ठेवतोस तो पत्रा गाडीचं वजन पेलतोय. पुरानंतर नमदा एकदा भिजला ना की तो वरून हाताला कोरडा लागतो आणि आतून महिनोन्महिने ओला राहतो, आणि त्याच्याखाली पत्रा निवांत खात बसतो. तुला जो वास येतोय तो कार्पेटचा कमी आणि नमद्याचा जास्त आहे. तेव्हा कार्पेट विकत घेण्याआधी सीटा बाहेर काढ, सगळं उचल, वायर ब्रशने घास, आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. टणटण वाजलं तर पत्रा, भदभद वाजलं तर गंज. मग रेड ऑक्साइड, वर रंग, जोडांना सीलंट.

नमद्याऐवजी बंद पेशींचा फोम मिळतो, पाणी पीत नाही, तो टाक. आवाज कमी करायला डॅम्पिंग शीट हवं असेल तर गाडीसाठी बनवलेलं ब्यूटाइल रबराचंच घे. गच्ची गळते म्हणून लावतात ती डांबराची पट्टी स्वस्त पडते म्हणून आमच्या एका मित्राने लावली, मे महिन्यात बडोद्याच्या उन्हात गाडी उभी केली आणि संध्याकाळी चपला चिकटल्या.

धागादोरा
मी एम. एस. युनिव्हर्सिटीतून टेक्स्टाइल केलंय, गाड्यांतलं फार कळत नाही पण धाग्याचं सांगते. दुकानदार "नायलॉन आहे" म्हणाला की लगेच मान डोलवू नका. कडेचे दोनचार धागे ओढून घ्या, त्यातला एक पाण्याच्या ग्लासात साबणाचा थेंब टाकून बुडवा. पॉलिप्रॉपिलीन असेल तर पुन्हा वर येतो कारण ते पाण्यापेक्षा हलकं, नायलॉन तळाला जातं. दुसरा दुकानाबाहेर काडीने पेटवून बघा. लोकर असेल तर केस जळल्याचा वास येतो, ज्योत काढली की आपोआप विझते आणि राख बोटात चुरगळते. नायलॉन वितळून त्याचा टणक मणी होतो. पॉलिप्रॉपिलीनला मेणबत्तीसारखा वास.

पॉलिप्रॉपिलीन वाईट असं नाही, पाणी अजिबात पीत नाही, तुमच्यासारख्यांना तो गुणच. पण उन्हाने लवकर खराब होतं, आणि एकदा दबलं की नायलॉनसारखं उठून उभं राहत नाही, टाचेच्या जागी वर्षभरात चपटं होतं. तो राखाडी नॉन-वोव्हन रोल बहुतेक पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनचा निडल पंच असणार, म्हणजे विणलेला नाही, सुयांनी तंतू एकमेकांत गुंतवलेले. तो वाकतो छान, कापला तर उसवत नाही, फक्त दिसायला डिक्कीसारखा दिसतो. मी असते तर डिक्कीत तो टाकला असता आणि आत नायलॉन लूप. लोकर दिसते सुंदर, पण ती ओल धरून ठेवते आणि कसर लागते, विश्वामित्रीच्या काठी राहून लोकर कशाला?

आणि हो, कार्पेट उलटं करून पाठ बघाच. पाठीला ताग असेल तर सोडून द्या, ताग ओला झाला की कुजतो, वरचा धागा कितीही भारी असला तरी.

रावपुरा_ओरिजिनल
माझं मत कुणाला आवडणार नाही तरी सांगतो. त्या काळच्या आपल्याकडच्या साध्या गाड्यांत काळं रबर मॅट असायचं, कार्पेट ही लोकांनी नंतर हौसेने केलेली सोय. आमच्या वडिलांच्या फियाटमधे रबरच होतं, चपलेचा चिखल आला की ओल्या फडक्याने पुसायचं. २०२३ च्या जानेवारीत लक्ष्मी विलास पॅलेसवर जुन्या गाड्या भरल्या होत्या तेव्हा मी दोन दिवस नुसता खिडक्यांतून आत डोकावत फिरलो. मोठ्या विलायती गाड्यांना दाट कापलेल्या लवेची लोकर शोभते, डिलाइटला नाही. तिला ती घातली म्हणजे घरच्या गड्याला शेरवानी. रबर नको असेल तर निदान बारीक लूप घे, काळा नाहीतर गडद राखाडी. बेज मुळीच नको, बडोद्याच्या धुळीत दोन महिन्यांत तो आपोआप राखाडी होतो, मग आधीच राखाडी का घेऊ नये.

डिलाइटवाला
बापरे, एवढी माहिती. धागादोरा ताई, ग्लासाची युक्ती केली काल. घरगुती कार्पेटवाल्याचं "शुद्ध नायलॉन" झकास तरंगलं, तो म्हणाला हवा असेल धाग्यात. दुसऱ्या दुकानातलं मात्र बुडालं, बारीक लूप, पाठीला सिंथेटिक, गडद राखाडी. बायकोला ओरिजिनल साहेबांचं धुळीचं गणित पटलं, बेज रद्द. काका, किती घेऊ? आणि सीटकव्हरवाला म्हणतोय अखंड एकच तुकडा टाकतो, जोड दिसणार नाही.

एक अवांतर, व्हिंटेजची नोंदणी करायचा विचार आहे, कार्पेट बदललं तर काही अडचण?

अँबीकाका
अखंड तुकडा टाकू देऊ नकोस. साच्यात दाबून बनवलेलं कार्पेट अखंड बसतं, सपाट रोलमधलं टनेलच्या उंचवट्यावर घड्या घालतं आणि मग तो घड्यांत कात्री चालवतो. तुकड्यांत कर: टनेल वेगळा, पुढे डावाउजवा, मागे डावाउजवा, उंबऱ्याच्या पट्ट्या वेगळ्या. प्रत्येक तुकड्याला रेक्झिनचा गोट मारून घे, लूपला तर गोट हवाच, एक फासा निघाला की स्वेटरसारखी रांग उसवते. सुटे तुकडे असले की पुढच्या पुरात उचलून गच्चीवर नेता येतात, हे तुला सांगायला नको. पत्र्याला फक्त टनेलचा तुकडा चिकटव, बाकीचे बटणावर नाहीतर नुसते ठेव.

लवेची दिशा सगळ्या तुकड्यांना एकच ठेवायला सांग. कापड वाचवायला शिंपी एखादा तुकडा फिरवून कापतो आणि उन्हात तो दुसऱ्याच रंगाचा दिसतो, माझा मागचा डावा तुकडा अजून तसाच आहे. मला दोन मीटर पन्ह्याचं अडीच मीटर लागलं होतं, डिक्की सोडून, तुझी गाडी लहान आहे, त्यात होईल.

बोल्टच्या भोकांसाठी ड्रिल अजिबात लावू नको. ड्रिलच्या टोकाला धागा गुंडाळला जातो आणि अख्खी रांग ओढून नेतो. जुनं सोल्डरिंग आयर्न तापवून टोच, नायलॉन वितळून कड आपोआप बंद होते. आणि पेडलजवळ फोम पातळ ठेव. जाड झालं तर ॲक्सिलरेटर पूर्ण दबत नाही, आणि कड सुटून वर आली तर दबलेलाच राहतो, हा विनोद नाही.

रावपुरा_ओरिजिनल
नोंदणीचं मी बघितलंय. २०२१ चा केंद्राचा नियम आहे, पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली गाडी, नंबरमधे व्हीए येतं. बघतात ते बॉडी, चासी, इंजिन यात मोठा फेरफार आहे का ते. कार्पेटला कोण विचारतंय. फक्त त्या नंबरावर रोज भाजी आणायला जाता येत नाही, तेवढं लक्षात ठेव.

डिलाइटवाला
अपडेट. रविवारी सीटा काढल्या. काका, तुम्ही सांगितलं तसं ठोकत गेलो, मागे दोन्हीकडे टणटण, पुढे डावीकडे टणटण, आणि ड्रायव्हरच्या टाचेखाली स्क्रूड्रायव्हर सरळ आत गेला. घासल्यावर दहा रुपयाच्या नाण्याएवढं भोक झालं, त्यातून आत्याच्या पार्किंगची लाल फरशी दिसतेय. नमदा पिळला तर अजून पाणी निघालं, दोन पावसाळ्यांपूर्वीचं का कालचं देव जाणे. डेंटर म्हणतो पत्र्याचा तुकडा रिबिट मारून बसवतो, अर्ध्या तासाचं काम.

अँबीकाका
रिबिट नको. भोवतालचा खाल्लेला पत्रा चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचा आणि नवा तुकडा वेल्ड करायचा. त्याआधी बॅटरी काढ, उरलासुरला नमदा आणि जुनं डांबर खरवडून काढ, ते पेटतं. फियाटची टाकी मागे आणि इंजिन पुढे, म्हणजे पेट्रोलची नळी खालूनच जाते, ती कुठून जाते ते वाकून स्वतः बघ आणि डेंटरला दाखव. वेल्डिंग झालं की खालूनही रंग. कार्पेट महिनाभर थांबलं तरी चालेल. आणि जुने तुकडे फेकू नकोस हं, तेच तुझे पॅटर्न.

डिलाइटवाला
काका, हे शनिवारी सांगायला हवं होतं. आईने वासाला कंटाळून सगळे कचऱ्याच्या गाडीत दिले. आता ब्राऊन पेपर आणलाय, वेल्डिंग झालं की मापं घेईन. टनेलचा तेवढा तुकडा गच्चीवर सापडला, त्यावर मांजर झोपलं होतं म्हणून वाचला.