टर्मिनलमध्ये जागच्या जागी बदलणाऱ्या ओळीला काय म्हणावं?

प्रश्न : टर्मिनलमध्ये, म्हणजे नुसता मजकूर दाखवणाऱ्या खिडकीत, चालणाऱ्या एका कमांड-लाइन प्रोग्रामचं मराठीकरण करते आहे. फाइलींची तपासणी चालू असताना तळाची एकच ओळ सारखी बदलत राहते. तिला मी 'थेट प्रगती स्थिती रेषा' म्हटलंय. चालेल का?

उत्तर : आधी 'रेषा' काढा. रेषा आखतात, ओळ लिहितात. इथे मजकूर आहे. 'थेट'ही नको. थेट प्रक्षेपण ठीक, पण इथे पाटीवरचं पुसून त्याच जागी पुन्हा लिहिलं जातंय. 'प्रगती' आणि 'स्थिती' यांतलं एकच ठेवा. '१०० पैकी ४०' असं मोजता येत असेल तर प्रगती, नुसतं 'जोडणी होत आहे' असेल तर स्थिती. मी साधं 'प्रगतीची ओळ' लिहीन. पट्टी भरत जात असेल तर 'प्रगतिपट्टी'. समासात 'ति' ऱ्हस्व, 'प्रगतिपुस्तक'सारखा.

क्रियापदाकडेही बघा. '४० फाइली तपासल्या' वाचून काम संपलं असं वाटतं. '१०० पैकी ४० तपासून झाल्या' म्हटलं की उरलेल्या ६० डोळ्यांसमोर येतात. हा '-ऊन होणे' प्रयोग आपल्याकडे आहे तर वापरावा, मला तो फार आवडतो.

प्रश्न : पटलं. पण शेवटी 'झाले' छापलं की पुढे 'सत आहे' असं शेपूट उरतं!

उत्तर : ते आधी छापलेल्या 'तपासत आहे'चं. त्याच ओळीवर पुन्हा लिहायला पाठवतो तो कॅरेज रिटर्न, म्हणजे आस्की या चिन्हांच्या क्रमांक-यादीतला १३ क्रमांक, कर्सरला फक्त ओळीच्या सुरुवातीला नेतो. पुसत काहीच नाही. नाव टाइपरायटरच्या कॅरेजवरून, म्हणजे कागद धरणाऱ्या सरकत्या भागावरून, आलंय. तिथे दांडी ढकलली की कागद वर सरकायचा आणि कॅरेज मागे यायचं. संगणकात ही दोन कामं वेगळी आहेत, कागद सरकवण्याचा क्रमांक १०. तो न पाठवल्यामुळेच आपण त्याच ओळीवर राहतो.

शेपूट झाकायला मोजून रिकाम्या जागा भरू नका. इंग्रजीत ते निभतं, देवनागरीत फसतं. 'स्थिती'त डोळ्यांना दोन अक्षरं दिसतात, युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या यादीत, ती सहा चिन्हं आहेत, आणि पडद्यावर ती किती रकाने अडवतील ते टर्मिनलवर अवलंबून. त्यापेक्षा 'कर्सरपासून ओळीच्या शेवटापर्यंत पुसा' हा एस्केप संकेत, म्हणजे टर्मिनलला दिलेली न दिसणारी आज्ञा, पाठवा. आणि प्रोग्रामचं आउटपुट फाइलीत वळवलं असेल तर ही ओळ छापूच नका, नाहीतर त्या फाइलीत सगळ्या आवृत्त्या एकापुढे एक चिकटतील.

प्रश्न : जमलं. शेवटी 'सर्व १०० तपासून झाल्या' ठेवलंय.